आवाजाखालच्या ओळी

मावशींचा आवाज पुढे निघून गेला आणि त्याचे बोट मागे राहिले. क्षणभर त्याला वाटले, चूक आपलीच. डाव्या हाताने खालची ओळ हेरताना एखादी ओळ निसटली असेल, ब्रेल वाचणाऱ्या कोणाचेही दमल्यावर होते तसे. पण तो दमला नव्हता. त्याचे उजवे बोट ‘काठी उचलली’ या शब्दांवर उभे होते आणि हेडफोनमध्ये मात्र सकाळ झाली होती, खिडकीतून ऊन आले होते, कुणीतरी दूध तापत ठेवले होते. त्याने यंत्र थांबवले, मागे नेले, पुन्हा लावले. मावशी म्हणाल्या, ‘वखारवाला घरी आला तेव्हा त्याचे डोके तापलेले होते.’ बोट म्हणाले, हो. मावशी म्हणाल्या, ‘सकाळी खिडकीतून ऊन आत आले.’ बोट म्हणाले, नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये कागदावर पाच वाक्ये होती आणि ती त्याच्या बोटाखाली खिळ्यांच्या डोक्यांसारखी वर आलेली होती. दार लावून घेऊन वखारवाल्याने कोपऱ्यातली काठी उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तिने आड घातलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला आणि त्या आवाजाने त्याला बरे वाटले. ती ओरडली नाही; पलीकडच्या खोलीत मुले जागी होती. तो थांबला तो दमला म्हणून.

अंधांसाठीच्या त्या ध्वनिग्रंथालयात तो तपासनीस होता. डोळस माणसे काचेपलीकडच्या खोलीत बसून पुस्तके वाचत, ती ध्वनिमुद्रित होत, आणि श्रोत्यांच्या घरी जाण्याआधी त्याच्या कानांखालून जात. खोकला, पान उलटल्याची सळसळ, गिळलेला शब्द, खुर्चीची कुरकुर, एवढेच त्याला पकडायचे असे. मूळ छापील पुस्तकाशी ताडून पाहायला त्याला डोळे नव्हते आणि डोळसांना वेळ नव्हता. हे पहिलेच पुस्तक असे आले होते की ज्याची ब्रेल प्रत दुसऱ्या कुठल्याशा छापखान्याने आधीच काढली होती. म्हणून कान आणि बोटे यांची अशी जोडी पहिल्यांदाच जमली होती आणि इतका वेळ ती दोन बैलांसारखी मुकाट्याने एका चालीने चालली होती. आणि वाचणाऱ्या कोण, तर मावशी. त्यांना त्या इमारतीत दुसरे नाव नव्हते. निम्म्याहून जास्त पुस्तके त्यांच्या आवाजात होती. श्रोत्यांची पत्रे येत, फोन येत: मावशींचे नवीन काय? मऊ, किंचित जाडसर, धुऊन वाळवलेल्या सुती चादरीसारखा आवाज. त्या आवाजाच्या घडीत ही पाच वाक्ये कुठे गेली?

‘‘काय हो तपासनीस, आज मशीन सारखी मागेपुढे नाचवताय?’’ ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ मागे येऊन उभा राहिला. त्याच्या शर्टाची बटणे पोटावर ताणलेली असत आणि दिवसभर तोही बटणेच दाबत असे, म्हणून सगळे त्याला बटणराव म्हणत. ‘‘मावशींना शिंक आली की काय मधेच?’’

‘‘बटणराव, इथं तुम्ही काही कापलंय?’’

‘‘मी? मावशींचं? अहो, त्यांचा नुसता श्वास कापायचा म्हटलं तरी माझा हात थरथरतो. त्यांचं वाचन म्हणजे सलग दोरा. एक गाठ दाखवा, मिशी उतरवतो.’’

‘‘मिशी आहे तुम्हाला?’’

‘‘घ्या! इतकी वर्षं एका खोलीत काढली आणि ह्यांना माहीत नाही.’’ तो हसत निघून गेला.

गाठ नव्हतीच. तेच तर भयंकर होते. त्याने तो सांधा पुनःपुन्हा ऐकला. ‘तापलेले होते’ नंतर मावशींनी घेतलेला विराम नेहमीच्या विरामाहून केसभरही लांब नव्हता. श्वास अडकला नव्हता, ओठ सुकले नव्हते. खून करून, हात धुऊन, पुसून, जेवायला बसलेल्या माणसाचा असावा तसा स्वच्छ विराम. आणि तो ऐकता ऐकता त्याने हेडफोन काढून ठेवला, कारण असा एक विराम त्याला ओळखीचा होता. तो त्याने एकदाच ऐकला होता, आणि त्यानंतर आयुष्यभर, रोज.

लहानपणी ताई हेच त्याचे पुस्तक होते. तो जन्मतःच आंधळा. शाळेत कोणी घेतले नव्हते. ताई आपले धडे मोठ्याने वाचायची आणि तो तिच्या गुडघ्याला पाठ लावून ऐकायचा. त्याला वाटायचे, वाचन असे मोठ्यानेच करायचे असते. पुढे कळले की घराघरांतून मुली हळू वाचतात, मनात वाचतात. ताईचा आवाज बाबांच्या आवाजाला बांधलेला होता. भिंतीपलीकडे बाबांचा आवाज चढू लागला की इकडे इतिहासातल्या लढाया, भूगोलातल्या नद्या एकदम दुथडी भरून वाहू लागत. बाबा जितके वर, ताई त्याहून एक पायरी वर. आणि त्या सगळ्या गदारोळाच्या तळाशी, पुराच्या पाण्याखाली दगड घरंगळावेत तसे, ते दुसरे आवाज. ‘‘ताई, काय आपटतंय?’’ ‘‘शेजारी गादी झोडतायत. ऐक तू.’’ शेजारी सतत गादी झोडत असत. त्याला त्या शेजाऱ्यांविषयी फार आदर होता. इतके स्वच्छ लोक. मग एकदा गादीच्या आवाजातून बाबांचे शब्द आरपार आले: ‘‘तूच घातलंस हे आंधळं कार्टं माझ्या पदरात!’’ आणि त्याला समजले की गादीला कोणी असे म्हणत नाही. पण समजले हेही त्याने ताईला सांगितले नाही. तिच्या गुडघ्याला पाठ लावून तो ऐकत राहिला, कारण तिचा गुडघा थरथरत असे, आणि तो थरथरणारा गुडघा म्हणत असे, तू फसलास असं मला वाटू दे.

त्या संध्याकाळी भूगोल होता. ‘दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, आणि’ — इथे ताई थांबली. भिंतीपलीकडे एक आवाज झाला. तो गादीचा नव्हता, काठीच्या सपकाऱ्याचाही नव्हता. जड, बोथट, आत जाणारा आवाज. आणि त्याच्या मागून, दाराच्या फटीखालून सरपटत यावा तसा, जळक्या कापडाचा वास. ताईचा विराम. तो किती लांब होता हे त्याला कधीच मोजता आले नाही; त्याचे सारे बालपण त्या विरामात मावले असते. मग ताईने वाक्य उचलले, अगदी जिथे टाकले होते तिथून: ‘आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून थंड हवा येते.’ सकाळी घरात माणसे होती आणि आई नव्हती. जिन्यावरून पडली, असे बाबांनी सांगितले, असे ताईने सांगितले, असे सगळ्यांनी सांगितले. त्यानंतर लगेचच त्याला अंधांच्या निवासी शाळेत नेऊन टाकले. तिथे त्याच्या हातात खाचांची पाटी आणि एक टोचणी दिली गेली: जाड कागद भोसकायचा, उजवीकडून डावीकडे भोसकत जायचे, मग कागद उलटा करायचा, जखमेच्या पाठीवर अक्षर उगवलेले असते. इतर मुले कंटाळत. तो कागद संपेपर्यंत भोसकत राही, बोटाला फोड येईपर्यंत, आणि मास्तर म्हणत, हा मुलगा फार अभ्यासू आहे.

पुढचे काही दिवस त्याने तेच केले जे करायला नको होते. ब्रेलमध्ये मिळतील ती पुस्तके कुठून कुठून मागवली आणि मावशींच्या जुन्या ध्वनिमुद्रणांना लावून पाहिली. तुरुंगातल्या कैद्याची कादंबरी: त्याची नखे उपटल्याचे पान नव्हते, कैदी एका परिच्छेदात गप्प होता आणि पुढच्यात त्याने कबुली दिली होती, जणू त्याला उपरती झाली. खलाशांची गोष्ट: जहाजावर चाबकाने सोलून काढलेला माणूस मावशींच्या आवाजात नुसता ‘आजारी’ पडून मेला होता. मास्तर मुलाचे डोके बाकावर आपटतो ती गोष्ट त्याने स्वतः तरुणपणी मावशींकडूनच ऐकली होती आणि ती त्याला विनोदी म्हणून आठवत होती. एकेका पुस्तकागणिक त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसत गेले. बोट खाली, कान वर, आणि मधे ती रिकामी जागा, जिच्यावर मऊ चादर अंथरलेली. म्हणजे गावोगावच्या घरांतून, खाटांवर, खुर्च्यांवर, कानाला यंत्र लावून बसलेल्या हजारो माणसांच्या जगात कोणी कोणाला मारतच नव्हते. नवरे रागावत आणि सकाळ होई. बायका मरत आणि कशाने ते कळत नसे. शेजारी गादी झोडत असत. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याला वाटले, हे सगळे उचलावे, खणांवर खण लावलेल्या या मऊ आवाजाच्या थप्प्या, आणि भिंतीवर आपटाव्यात, फुटेपर्यंत. आतून ओरडणे बाहेर पडेपर्यंत.

मावशी आल्या त्या दिवशी तो काचेपलीकडच्या खोलीत त्यांच्या आधी जाऊन बसला होता. त्यांच्या पावलांबरोबर नेहमीसारखा साबणाचा आणि लवंगेचा वास आला. ‘‘अगबाई, तू होय! आज माझ्या खुर्चीवर डोळा का रे बाळा?’’ तो पन्नाशीला आलेला, डोक्यावर केस उरले नव्हते. पण त्यांचा तो बाळच.

‘‘मावशी, वखारवाल्यानं बायकोला मारलं ते कुठाय?’’

खुर्ची सरकायची थांबली. मग सरकली. ‘‘तुला कोणी सांगितलं?’’

‘‘बोटानं.’’

त्यांनी पिशवीची चेन उघडली, पुन्हा लावली. ‘‘हे बघ, त्यानं गोष्टीत काही फरक पडत नाही. राग आला हे सांगितलंय. ती पुढं आजारी पडते तेही आहे. शहाण्याला कळतं.’’

‘‘कोणाला विचारून गाळलंत?’’

‘‘कोणाला विचारायचं? डोळे माझे होते.’’ हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की त्याला तोंडात बसल्यासारखे झाले. ‘‘जे माझ्याच्यानं बघवत नाही ते मी दुसऱ्याच्या कानात ओतू? आणि तुम्हा लोकांच्या? तुमच्या वाट्याला काय कमी आहे का रे आधीच? एकटी माणसं. अंधारात बसलेली. त्यांना रडवायला मी इथं येते का?’’

अंधारात बसलेली. त्याने हात पुढे केला, तो टेबलाच्या कडेसाठी, आणि तिथे त्यांचे मनगट आले. त्याने ते धरले. बारीक हाडे, वर सैल कातडी, कातडीखाली धावणारी नाडी. ‘‘वाचा,’’ तो म्हणाला. ‘‘आत्ता वाचा. सगळं.’’

‘‘सोड, दुखतंय.’’

‘‘वाचा म्हटलं ना!’’

आणि त्याला कळले की आपण दाबतो आहोत. अंगठा नाडीवर, चार बोटे पलीकडून, आणि मधली हाडे एकमेकांवर घासत आहेत, आणि ते घासणे त्याच्या बोटांना कळते आहे, त्या बोटांना जी कागदावरचा अर्धवट बसलेला ठिपकासुद्धा ओळखतात. बोटांना ते आवडते आहे. खांद्यापर्यंत एक ऊब चढत गेली. हा हात त्याने कधी वापरला नव्हता. हा हात त्याच्या बाहीत कोणीतरी दुसऱ्यानेच इतकी वर्षे जपून ठेवला होता. त्या आवाजाने त्याला बरे वाटले, हे वाक्य त्याच्या बोटाने वाचले होते; आता ते त्याच्या हाताने वाचले. त्याने मनगट असे सोडले जसा तवा सोडावा. मावशी हुंदका न देता रडत होत्या. ओल्या श्वासावरून ते कळत होते. मग, त्याने पुन्हा सांगितलेले नसतानाही, त्यांनी पुस्तक उघडले आणि वाचले. पाचही वाक्ये वाचली. आणि त्यांच्या तोंडातून फटकेसुद्धा मऊ होऊन आले. काठी उशीसारखी पडली, हाड बिस्किटासारखे मोडले. त्यांना येतच नव्हते. वर्षानुवर्षे न वाचलेले त्यांना आता वाचताच येत नव्हते. त्याला क्षमा मागायची होती, पण तोंड उघडले तर कोणता आवाज बाहेर येईल याची त्याला खात्री वाटेना. तो ब्रेलचा खंड काखोटीला मारून निघाला. ‘‘मिशी ठेवा, बटणराव,’’ दाराशी तो म्हणाला, ‘‘गाठ नाही सापडली.’’

घरी बाबा होते. हे कोणाला सांगितले तर खोटे वाटावे, की बाबा होते, आणि तो, ताई आणि बाबा एकाच छपराखाली राहत होते, एकाच पातेल्यातले जेवत होते. ताईने लग्न केले नाही. नोकरी केली, घर केले. शाळेतून तो परत आला तेव्हा बाबांचा आवाज आधीच खाली आलेला होता आणि मग तो खाली खालीच येत गेला. आता तर त्यांना दिसेनासे झाले होते. मधोमध काळा डाग, असे ते सांगत. कडेकडेने दिसते, पण ज्याच्याकडे पाहावे ते नेमके जाते. वर्तमानपत्र सुटल्यावर ते लहान मुलासारखे रडले होते. मग त्यानेच त्यांना ग्रंथालयाचे सभासद केले, उठावदार बटणांचे ते ऐकायचे यंत्र आणून दिले, कुठले बटण कशाचे ते त्यांचे बोट धरून शिकवले. ते बोट धरताना त्याला काहीच वाटले नव्हते. तेव्हापासून मावशींचा आवाज दिवसभर घरात असे. ‘‘काय गोड वाचते रे तुमची ही बाई,’’ बाबा म्हणत, ‘‘किती सभ्य पुस्तकं! आमच्या वेळी असं साहित्य नव्हतं.’’ प्रेमाचे प्रसंग ते मागे नेऊन पुन्हा ऐकत. म्हणजे मावशींनी जे काही पुसून काढले होते ते या खोलीतही पुसून निघाले होते. बाबा एका स्वच्छ धुतलेल्या जगात म्हातारे होत होते आणि ते जग त्यांना त्यानेच, स्वतःच्या हाताने, खणांवरून काढून आणून दिले होते.

‘‘ताई,’’ जेवताना त्याने विचारले, ‘‘आई कशी गेली?’’

‘‘आता पन्नाशीला आलास. तेच तेच किती वेळा? जिन्यावरून पडली.’’

‘‘जिन्यावर जळक्या कापडाचा वास कसा येईल?’’

वाढायचा चमचा पातेल्याला लागला. ‘‘वास-बीस काही नव्हता. लहान होतास तू. भात घे.’’

‘‘त्या दिवशी तू मधेच थांबली होतीस. वाऱ्यांच्या धड्यात.’’

तिने नळ सोडला, तो मोठा सोडला, आणि पाण्याच्या आवाजाखाली खूप वेळ भांडी घासत राहिली.

रविवारी दुपारी तो खंड घेऊन बाबांच्या खोलीत गेला. खिडकीतले ऊन खुर्चीच्या हातावर पडले होते. तिथे हात ठेवला तर कळे. ‘‘कोण? साहेब का? आज नवीन काय आणलंत?’’

‘‘नवीनच आहे. अजून मुद्रण व्हायचंय. मी वाचतो.’’

‘‘तू? वा! आंधळ्यानं आंधळ्याला वाचून दाखवायचं.’’ ते खोकल्यासारखे हसले. ‘‘वाच, वाच. प्रेमाचं आहे ना?’’

‘‘नवराबायकोचं आहे.’’

त्याने खंड मांडीवर उघडला. आपला आवाज त्याला फारसा माहीत नव्हता. तो आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज ऐकत आला होता. पहिली पाने घसरत, ठेचकाळत गेली. मग वखार आली, ओल्या लाकडाचा ढीग आला, करवतीचा आवाज आला, आणि त्याची बोटे तापली. आता बोट आणि तोंड यांच्यामध्ये कोणीच उरले नव्हते, ना मावशी, ना ताई. ठिपके बोटातून चढत होते आणि सरळ जिभेवर येत होते. ‘वखारवाला घरी आला तेव्हा त्याचे डोके तापलेले होते.’ तो थांबला नाही. ‘दार लावून घेऊन वखारवाल्याने कोपऱ्यातली काठी उचलली.’ बाबांची खुर्ची वाजली. ‘पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तिने आड घातलेल्या हातावर.’ त्याचा आवाज चढला होता आणि तो चढलेला आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा आला, कारण भिंतीपलीकडचा तो आवाज आता भिंतीच्या अलीकडे होता, त्याच्याच घशात. ‘हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला—’

तेवढ्यात यंत्र सुरू झाले. ताई आत आली होती. तिने बटण दाबले होते आणि ती आवाज वाढवत होती. मावशी एका बागेचे वर्णन करत होत्या. बाग मोठी झाली, आणखी मोठी झाली, फुलांच्या ताटव्यांनी खोली गच्च भरली. तो ओरडून वाचू लागला. ‘आणि त्या आवाजाने त्याला बरे वाटले! ती ओरडली नाही!’ ताईने शेवटपर्यंत बटण फिरवले. ‘पलीकडच्या खोलीत मुले जागी होती!’ ‘जाई, जुई,’ मावशी कोकलत होत्या, आणि तो उठला, टेबलाला धडकला, भिंतीवरची वायर चाचपली आणि मुळासकट उपटावी तशी ओढली. काहीतरी खाली पडून फुटले. बाग गेली. खोलीत तीन माणसांचे श्वास उरले.

‘‘तो थांबला तो दमला म्हणून,’’ त्याने हळू आवाजात उरलेले वाक्य संपवले.

बाबा, पुस्तकातली चूक दाखवावी तितक्याच कोरडेपणाने, म्हणाले, ‘‘काठी नव्हती.’’

वखारवाल्याच्या घरात काय होते आणि काय नव्हते ते बाबांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तो पुन्हा खुर्चीत बसला. खंड मांडीवर घेतला. त्या ओळीवर बोट ठेवले. आयुष्यभर तो चुका पकडायचे हेच काम करत आला होता, आणि आता आपोआपच ते त्याच्याकडून झाले. ‘‘मग काय होतं?’’

‘‘इस्त्री,’’ बाबा म्हणाले. ‘‘मी बाहेर निघालो होतो. शर्ट करत होती माझा. काहीतरी बोलली. तुझ्यावरनं बोलली. मला दे, सोड, असं काहीतरी झालं आणि... रागाच्या भरात एकदा. एकदाच लागली. नशीब वाईट. एकदाच.’’ त्यांच्या आवाजात तोच विराम होता, स्वच्छ, केसभरही लांब नसलेला. त्यापुढे सकाळ होणार होती, ऊन येणार होते. जळक्या कापडाचा वास इतक्या वर्षांनी आपल्या जागी येऊन बसला. तो हात पुन्हा जागा झाला. म्हाताऱ्याचा गळा कुठे आहे ते त्याला श्वासावरून अचूक ठाऊक होते. हात लांब केला असता तर पहिल्याच झटक्यात सापडला असता. त्याने तो हात कागदावर दाबून धरला, ठिपके कातडीत रुतेपर्यंत.

‘‘एकदा नाही, बाबा,’’ दारातून ताई म्हणाली.

हा आवाज त्याने कधीच ऐकला नव्हता. तो मोठा नव्हता. कशावरही अंथरलेला नव्हता.

‘‘तू गप्प बस,’’ बाबा म्हणाले, आणि त्या तीन शब्दांपुरता त्यांचा जुना आवाज वर आला, चढला, कोणी त्याच्या वर चढले नाही, आणि तो एकटाच छताला लागून खाली पडला.

ब्रेलमध्ये चुकीचा ठिपका खोडता येत नाही. तो नखाने दाबून मारावा लागतो. त्याने ‘काठी’ शोधली, तिच्यावर अंगठ्याचे नख रोवले आणि एकेक ठिपका चिरडला, कागद मऊ पडेपर्यंत, आरपार जाईपर्यंत. मग खंड मिटला आणि खाली ठेवला.

‘‘ताई, तू सांग,’’ तो म्हणाला. ‘‘थांबली होतीस तिथपासून. काही गाळू नकोस.’’

ताई आली. फुटलेल्या यंत्राचे तुकडे तिच्या चपलेखाली करकरले. ती त्याच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिने पाठ त्याच्या गुडघ्याला टेकवली. गुडघा थरथरत होता. बाहेरून वारा आला, पडदा हलला, बाबांनी ‘‘यंत्र लावा कोणीतरी’’ असे दोनदा म्हटले. मग ती, आवाज जराही न चढवता, सांगू लागली.